फ्रेझर नदीकांठचा मत्स्यकारखाना व त्याचें संग्रहालय

कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत फ्रेझर नदीच्या मुखाशीं स्टीव्हस्टन हें गांव आहे. सॅमन मासे डब्यांत भरण्याचा 'गल्फ ऑफ जॉर्जिया' हा कारखाना तेथें इ. स. १८९४ मध्यें उभा राहिला व १९७९ मध्यें बंद पडला. १९९४ पासून त्याचें संग्रहालय झालें आहे. लांकडी खुंटांवर पाण्यांत उभी असलेली ही वास्तु जागच्या जागीं राखली, हें अभिनंदनीय होय; कारण तीच येथील मुख्य साधन आहे.

परंतु एकाच रुमालांत भिन्न काळांचे कागद बांधलेले असावे, तशी या साधनाची स्थिति आहे. इमारत १८९४ ची. मांडलेली यंत्रमाला पुढील शतकांतील. हेरिंग मासळीचें तेल व भुकटी काढण्याचा विभाग १९४८ चा. १८९७ सालीं येथें २५ लक्षांहून अधिक डबे भरले गेले, तेव्हां मासे चिरण्याचें यंत्र निघालेंच नव्हतें. तें काम चिनी कामकरी सुऱ्यांनीं करीत. ओळीनें लावलेल्या यंत्रांवरून क्रिया उत्तम समजते; पण त्यांवरून १८९७ चें चित्र कल्पिल्यास कालविपर्यास होईल.

सिअॅटलच्या ई. ए. स्मिथ यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं तें यंत्र काढलें. त्यास नांव पडलें तें 'लोखंडी' या विशेषणापुढें चिनी लोकांविषयींचा तुच्छतादर्शक शब्द जोडून. आज 'आयर्न बुचर' म्हणतात, तें बोलण्यांत योग्यच. तथापि मूळ पाठ पुसूं नये. तो ठेवून खालीं टीप द्यावी. यंत्रानें कोणाचें काम घेतलें, याची साक्ष त्या नांवांतच आहे.

या साक्षीचें मोल हिशेबाच्या पद्धतीवरून कळेल. कारखानदारांचा करार चिनी ठेकेदाराशीं होई. एक पौंडाचे ४८ डबे म्हणजे एक पेटी. दर पेटीमागें ठरे, माणसें ठेकेदार आणी. पथकाचा हिशेब सरदाराच्या नांवें लागून बारगीर निनांवी राहावा, तसाच हा प्रकार. मासे धुणाऱ्या व डबे भरणाऱ्या आदिवासी स्त्रियांची गोष्टहि फारशी निराळी नाहीं.

जेथें वही मुकी, तेथें वस्तूसच बोलतें करावें लागतें. म्हणून प्रत्येक यंत्रापुढें त्याचा काळ व त्यापूर्वी तें काम करणारा हात, या दोहोंची नोंद ठळकपणें असावी, असें आमचें मत आहे. तेवढें साधलें, तर ही वास्तु अव्वल दर्जाचें दप्तर ठरेल.