बनगरवाडीचा मास्तर

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ सालीं प्रसिद्ध झाली. औंध संस्थानच्या अमलांत, माणदेशांतील धनगरांच्या एका आडवळणी वस्तीवर राजाराम सौंदणीकर हा कोवळा शिक्षक रुजू होतो, एवढेंच तिचें बीज. शिक्षक म्हणजे अडाण्यांचा उद्धारक, ही रुळलेली समजूत ग्रंथकारानें दूर सारली, हें आम्हांस विशेष मोलाचें वाटतें.

येथें मास्तरच गांवाचा शिष्य होतो. शाळा ओस, मुलें मेंढरांमागें. वृद्ध कारभाऱ्यानें मनावर घेतल्यावांचून ती भरत नाहीं. अयाबूची सोबत मिळते, तेव्हां कोठें एकटेपण सुसह्य होतें. पुढें अंजीच्या चोळीचें साधें काम मास्तर अंगावर घेतो, आणि तिच्या बापाचें, त्याच कारभाऱ्याचें, मन कलुषित होतें. विश्वास पगाराबरोबर मिळत नाहीं. तो रोज मिळवावा लागतो व एका संशयानें जातो, हें सत्य लेखकानें कोठेंही उपदेश न करतां दाखविलें आहे.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. गांवांतील मोठीं माणसें जशीं डोळ्यांपुढें उभीं राहतात, तशीं वर्गांतील मुलें राहत नाहींत.

अखेरीस दुष्काळ पडतो, वस्ती उठते. खपून उभारलेली तालीम मागें राहते. मास्तराजवळ उरतो तो केवळ स्नेह. ज्या घरचा मुलगा वा मुलगी दूरच्या शाळेवर रुजू होत असेल, त्या घरानें हें पुस्तक अवश्य वाचावें.