आवर्तन आणि पुरावा : डेटन मिलर यांच्या प्रबंधाचे परीक्षण

निसर्गात आवर्तने आहेत. परंतु निरीक्षणांच्या कोष्टकात आढळणारे प्रत्येक आवर्तन निसर्गाचेच असते असे नाही. पदार्थविज्ञानातील काही विसंगत निष्कर्षांचा संबंध तारकांच्या वा सूर्याच्या चक्रांशी जोडण्याचे प्रयत्न वेळोवेळी झाले आहेत. त्यांपैकी डेटन मिलर ह्यांचा ‘ईथर-प्रवाहाचा प्रयोग आणि पृथ्वीच्या निरपेक्ष गतीचे निर्धारण’ ह्या अर्थाच्या शीर्षकाचा १९३३ सालचा प्रबंध सर्वाधिक विचारार्ह होय.

मायकेल्सन व मॉर्ले ह्यांना १८८७ साली ईथरमधून जाणाऱ्या पृथ्वीच्या गतीचा अपेक्षित परिणाम आढळला नाही. मिलर ह्यांनी १९२५-२६ मध्ये माउंट विल्सनवर तशाच व्यतिकरणमापकाने सहस्रावधी निरीक्षणे घेतली. त्यांना सेकंदाला सुमारे दहा किलोमीटर वेगाशी जुळणारा परिणाम दिसला, आणि त्यावरून पुढे त्यांनी पृथ्वीची निरपेक्ष गती सेकंदाला सुमारे दोनशे आठ किलोमीटर असल्याचे प्रतिपादन केले. ह्या दोन आकड्यांमधील वीसपट अंतराचे समाधानकारक कारण प्रबंधात मिळत नाही.

मिलर ह्यांच्या पद्धतीतील एक गुण प्रथम मान्य केला पाहिजे. नाक्षत्र दिन सौर दिनापेक्षा सुमारे चार मिनिटांनी लहान असल्यामुळे तीन महिन्यांत दोहोंमध्ये सहा तासांचे अंतर पडते. प्रयोगगृहाची उष्णता घड्याळाच्या, म्हणजे सौर काळाच्या, मागे जाते. वैश्विक कारण नाक्षत्र काळाच्या मागे जावयास हवे. म्हणून त्यांनी वर्षाच्या चार निरनिराळ्या काळांत निरीक्षणे घेतली. प्रश्न त्यांनी अचूक मांडला होता ह्यात शंका नाही.

दोष उत्तराच्या बांधणीत आहे. उपकरणाच्या प्रत्येक फेऱ्यात सोळा वाचने, असे वीस फेरे. ह्या अवधीत व्यतिकरण-पट्टे शोधावयाच्या परिणामापेक्षा कितीतरी अधिक सरकत. मिलर ह्यांनी हे सरकणे सरळ रेषेत घडते असे मानून वजा केले, वीस फेऱ्यांची सरासरी काढली आणि फेऱ्याचा पहिला अर्ध दुसऱ्या अर्धावर घडी घालून मिळवला. अशी घडी घातल्यावर जे उरते त्याला अर्ध्या फेऱ्याचे आवर्तन असणे अपरिहार्यच आहे. ते ईथरने दिलेले असो वा नसो, गणिताने ते दिलेलेच असते.

भाषेच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट जाणवते. ‘पृथ्वीच्या निरपेक्ष गतीचे निर्धारण’ ह्या षष्ठीयुक्त रचनेत गतीचे अस्तित्व गृहीत धरलेले आहे. निर्धारण झाले नाही असे म्हटले, तरी गती उरतेच. ज्याचा निर्णय प्रयोगाने करावयाचा, त्याला शीर्षकाने आधीच नाव दिलेले असते, आणि एकदा नाव मिळाले की पुढील प्रत्येक वक्ररेषा त्या नावाची साक्षीदार होऊ लागते.

मात्र टीकाकारांचीही परीक्षा व्हावयास हवी. शँकलंड व त्यांचे सहकारी ह्यांनी १९५५ साली ह्या निष्कर्षाचे कारण अंशतः सांख्यिकीय चढउतार व अंशतः स्थानिक तापमान असे दिले. तथापि ‘तापमान’ हेही तोवर एक नावच होते, जोवर त्याने नेमके किती सरकणे घडवले हे दाखवले गेले नव्हते. २००६ साली टॉमस रॉबर्ट्‌स ह्यांनी मूळ वाचनांवरून उपकरणाच्या सरकण्याचा हिशेब मांडला व सरासरीतील त्रुटीमर्यादा काढून दाखवली. तेव्हा त्या परिणामाला सांख्यिकीय आधार उरला नाही.

किरणोत्सारी क्षयाच्या वेगात सूर्याच्या अंतरानुसार वार्षिक फरक पडतो, ह्या एकविसाव्या शतकातील प्रतिपादनालाही हीच कसोटी लागू पडते. पृथ्वीवर सूर्याचे अंतर आणि ऋतुमान एकाच वर्षचक्रात बदलतात. कॅसिनी यानावरील प्लुटोनियमच्या क्षयाची माहिती २००९ साली तपासली गेली, तीत हे दोन घटक विलग झाले होते, आणि तसा फरक आढळला नाही.

मिलर ह्यांचा निष्कर्ष टिकला नाही. पण त्यांची मूळ वाचने टिकली. त्यांनी केवळ सरासऱ्याच मागे ठेवल्या असत्या, तर हा वाद श्रद्धेचाच राहिला असता. आपल्या विषयात आवर्तन शोधणाऱ्या संशोधकाने हे त्यांच्याकडून अवश्य घ्यावे : घडी घालण्यापूर्वीचा कागद जपून ठेवावा.