गोदामाचे घराणे

आपल्या गायकीच्या घराण्यांना गावांची नावे आहेत : ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, जयपूर. नाव गावाचे असले तरी घराणे टिकते ते तालमीवर. अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले आणि किराण्याची गायकी महाराष्ट्र-कर्नाटकात फुलली. मूळ गावाशी संबंध नावापुरता उरला. अमेरिकेतल्या एका संगीतप्रकाराला मात्र गावाचे नव्हे, एका इमारतीचे नाव मिळाले. 'हाऊस' या शब्दाचा इथे घराशी संबंध नाही. शिकागोतल्या 'वेअरहाऊस' या नाचघराचे ते तोडून घेतलेले नाव आहे, ही व्युत्पत्ती बहुतेक अभ्यासक मान्य करतात. अशा वेळी समीक्षेपुढे एक प्रश्न येतो. ही जागा त्या संगीताची केवळ पार्श्वभूमी होती, की त्याचा घटक? माझ्या मते ती घटक होती, आणि हे न ओळखल्यामुळे आज 'आगळ्यावेगळ्या जागी' होणाऱ्या अशा मैफलींचे मूल्यमापन आपल्याला नीट जमत नाही.

दक्षिण जेफरसन मार्गावरील २०६ क्रमांकाची ही तीन मजली औद्योगिक इमारत. १९७७ साली रॉबर्ट विल्यम्स याने तिथे नाचाच्या रात्री सुरू केल्या आणि त्यासाठी न्यूयॉर्कहून फ्रँकी नकल्स या तरुण डीजेला बोलावले. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी दिवस वर येईपर्यंत चाले. तिथे दारू विकली जात नसे. सुरुवातीच्या काळात येणारे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आणि लॅटिन समलिंगी तरुण होते. शहरातल्या इतर नाचघरांत त्यांना सहज प्रवेश नव्हता. गोदामाची निवड हौसेतून झालेली नव्हती. रात्रभर मोठा आवाज चालेल आणि कोण कोणासोबत नाचतो याची चौकशी होणार नाही, अशी जागा औद्योगिक भागातच मिळण्यासारखी होती. नकल्स या जागेची तुलना चर्चशी करीत असे. तिथे येणाऱ्यांपैकी अनेकांना खऱ्या चर्चमध्ये स्वतःविषयी खरे बोलता येत नव्हते, हे लक्षात घेतले तर या तुलनेचे वजन कळते.

याच शहरात १२ जुलै १९७९ रोजी कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर डिस्को संगीताच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवून देण्यात आली. हजारो प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्या दिवशीचा दुसरा सामना रद्द झाला. त्या रात्री तिथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा होता. लोकांनी फोडण्यासाठी आणलेल्या अनेक तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच, त्या केवळ कृष्णवर्णीय कलावंतांच्या होत्या, असे त्याने पुढे सांगितले आहे. १९८४ साली जेसी साँडर्सच्या नावाने निघालेली 'ऑन अँड ऑन' ही तबकडी हाऊसची पहिली तबकडी मानली जाते. तिच्या निर्मितीत हाच लॉरेन्स सहभागी होता.

डिस्कोची लाट ओसरली, तशा नाचायला जोगत्या नव्या तबकड्या कमी येऊ लागल्या. नाचणारे मात्र तेवढेच होते. तेव्हा नकल्सने जुनीच गाणी टेपवर कापून-जोडून लांबवली. तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला, गायन मागे ढकलले, खर्जाचा भाग पुढे आणला. हाऊसचे रूप या गरजेतून घडले. नकल्सने १९८२च्या अखेरीस वेअरहाऊस सोडले आणि 'ऑन अँड ऑन' आली त्यानंतर, १९८४ साली. म्हणजे नाव आणि ऐकण्याची सवय आधी तयार झाली, तबकडी मागून आली. घरच्या छोट्या स्पीकरवर हे संगीत कंटाळवाणे वाटते, ही तक्रार खोटी नाही. पण दिंडीत टाळ-मृदंगाच्या साथीने एकच चरण कितीतरी वेळ घोळवला जातो, तो खुर्चीत बसून ऐकणाऱ्यालाही कंटाळवाणा वाटेल. चालणाऱ्याला वाटत नाही.

मुंबईचे एक उदाहरण हा मुद्दा उलट बाजूने सिद्ध करते. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक ध्वनिमुद्रिका केली. तीत रोलँड कंपनीची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रे आहेत. टीबी-३०३ हे यंत्र बास गिटारच्या साथीला पर्याय म्हणून बनवले होते. शिकागोच्या 'फ्यूचर' या गटाने १९८७ साली त्याच यंत्रावर 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढले आणि त्यातून 'अ‍ॅसिड हाऊस' हा प्रवाह सुरू झाला. २०१० साली सिंग यांची ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाली, तेव्हा त्यांना या प्रवाहाचा आद्य जनक ठरवण्याची घाई झाली. मला ते पटत नाही. ध्वनी मुंबईत आधी निर्माण झाला हे खरे. पण तो ज्यांच्या पायांत उतरेल असे लोक आणि अशी खोली त्याला मिळाली नाही. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' शिकागोच्या 'म्युझिक बॉक्स'मध्ये रॉन हार्डीने प्रथम वाजवले तेव्हा लोक थंड राहिले, आणि त्याच रात्री चौथ्यांदा वाजवल्यावर नाचू लागले, असे सांगतात. चार वेळा ऐकून घेणारी ती खोली चरणजित सिंगांच्या वाट्याला आली नाही.

त्याच १९८२ साली जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्यांच्या आवारांत मॉल, कचेऱ्या आणि मद्यालये आली. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारातील 'ब्लू फ्रॉग'मध्ये २००७ ते २०१६ या काळात देशोदेशीचे चांगले संगीत वाजले. त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण गिरणीच्या उंच छताखाली हाऊस वाजले म्हणून तिथे वेअरहाऊसची परंपरा आली, हे म्हणणे घाईचे आहे. शिकागोत ज्यांना दार बंद होते त्यांनी गोदाम उघडले. इथे ज्यांचे दार बंद झाले, ते गिरणी कामगार होते. मँचेस्टरला नौकांच्या जुन्या विक्रीदालनात १९८२ साली उघडलेले 'हासिएंडा' १९९७ साली बंद झाले. आता तिथे त्याच नावाच्या सदनिका आहेत.

म्हणून अशा रात्रीविषयी लिहिताना जागा किती वेगळी होती हे नोंदवून समीक्षकाने थांबू नये. दुसरीकडे जाणे शक्य नव्हते असे कोण तिथे आले होते, आणि त्या भिंतींमुळे संगीतात काय बदलले, हेही त्याने पाहिले पाहिजे. या प्रश्नांना उत्तर नसेल, तर ती जागा नेपथ्य ठरते. २०२३ साली शिकागो शहराने वेअरहाऊसच्या इमारतीला वारशाचा दर्जा दिला. ज्यांना त्या शहरात निर्धास्त नाचायला जागा नव्हती, त्यांनी घडवलेल्या संगीताची ही उशिरा घेतलेली दखल आहे, आणि ती त्या इमारतीच्या पत्त्यावरच घ्यावी लागली.