हात मिळवला, पुढं काय?

न्यूयॉर्कमध्ये मिअर्ल लेडरमन युकेलिस नावाची कलावंत बाई. १९७९-८० साली अकरा महिने बाई शहरभर हिंडल्या. कचऱ्याच्या ट्रकमागं, कामगारांच्या ठाण्यांवर, पाळी सुरू होते त्या वेळेला. साडेआठ हजार सफाई कामगार. एकेकासमोर उभं राहून हात हातात घेतला आणि आभार मानले, तुम्ही हे शहर जिवंत ठेवता म्हणून. बस्. हीच कलाकृती. नाव 'टच सॅनिटेशन'. टच म्हणजे स्पर्श.

या शब्दापाशी मी अडलो. आपल्याकडं स्पर्श हा गुन्हा होता. चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. म्हणून या हात मिळवण्याला मी नुसतं नाटक म्हणणार नाही.

बाई दया करायला आल्या नव्हत्या. पोर झालं, घरकामात पिचल्या, तेव्हा १९६९ ला जाहीरनामा लिहिला. धुणं, पुसणं, सांभाळणं हीच माझी कला, म्हणाल्या. क्रांतीनंतरचा कचरा कोण उचलणार, हेही त्यात विचारलं. हा सवाल आपल्याही पुढाऱ्यांना झोंबेल. १९८३ ला त्यांनी कचऱ्याच्या ट्रकला आरसे लावले. ट्रक रस्त्यानं निघाला की शहराचं तोंड त्यात. घाण कुणाची, ते बघा!

माझं भांडण पुढं आहे. कामगारांना लोक ज्या शिव्या घालायचे, त्या १९८४ ला बाईंनी लिहून काढल्या आणि लोकांकडून पुसून घेतल्या. चांगलं केलं. पण तिथं शिवी कामाला चिकटते, आपल्याकडं जन्माला. शिवी म्हणून जातीचंच नाव घेतात. ते कुठल्या फडक्यानं पुसणार?

आणि आभार म्हणजे हक्क नव्हे. मशीनपुढं आठ तास उभं राहणाऱ्याला ठाऊक आहे, साहेबानं पाठ थोपटली म्हणून पगार वाढत नाही. त्याच अमेरिकेत, मेम्फिसला, १९६८ साली दोन कामगार कचऱ्याच्या ट्रकमध्ये चिरडून मेले. तेराशे काळे सफाई कामगार संपावर गेले. गळ्यात पाटी, 'मी माणूस आहे'. त्यांनी आभार मागितले नाहीत. पगार मागितला, युनियन मागितली. माझ्या लेखी ती पाटी या कलाकृतीपेक्षा मोठी.

आपल्याकडं १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला आणखी एक झाला. माणसं अजून गटारात गुदमरून मरतात. तेव्हा उद्या आपला कुणी कवी गटाराच्या तोंडाशी हात पुढं करील, तर तो हात मिळवायला नको. आतल्याला वर ओढायला हवा.