एका इशाऱ्याची दुरुस्ती : ‘गिट’मधील थ्रेडविषयक बदलाचे परीक्षण

संगणकाच्या आज्ञावलीने वापरणाऱ्यास दिलेला इशारा हे एक विधान असते. आणि विधान म्हटले की ते खरे की खोटे, हा प्रश्न उपस्थित होतोच. ‘गिट’ या आज्ञावलीत २०१७ साली झालेला एक अगदी लहान बदल या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

लायनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या विकासासाठी निर्माण केलेली गिट ही आज्ञावली मुख्यतः कमांड-लाइनवरून वापरली जाते. तिच्यातील ‘पॅक-ऑब्जेक्ट्स’ ही आज्ञा साठवलेल्या मजकुरांतील परस्परसदृश मजकूर शोधून त्यांच्यातील केवळ फरक जतन करते. हा शोध कष्टाचा असल्यामुळे तो अनेक थ्रेडांत वाटून दिला जातो. थ्रेड किती असावेत, हे दोन मार्गांनी सांगता येते. विन्यासाच्या फाइलीत ‘पॅक.थ्रेड्स’ लिहिले की ती कायमची सूचना झाली. आज्ञेबरोबर ‘--थ्रेड्स’ लिहिले की ती त्या वेळेपुरती, आणि पहिलीवर मात करणारी. शून्य लिहिल्यास यंत्रातील प्रोसेसर मोजून संख्या ठरते. परंतु काही ठिकाणी गिट थ्रेडांवाचूनच बांधलेले असते. तेथे संख्या सांगणे व्यर्थ होय, आणि ‘थ्रेडांची सोय नाही, अमुक सूचना दुर्लक्षित केली’ असा इशारा गिट देते. या ‘अमुक’च्या जागी कोणते नाव यावे, एवढाच काय तो वाद.

दोष असा होता : विन्यासात फक्त ‘पॅक.थ्रेड्स’ लिहिणाऱ्यास एकाऐवजी दोन इशारे मिळत, आणि दुसरा इशारा त्याने कधीही न लिहिलेल्या ‘--थ्रेड्स’विषयी असे. दोन्ही मार्गांनी आलेली संख्या एकाच चलात ठेवली जाई, हे याचे कारण. विन्यास वाचणारा भाग, संख्या एक नाही असे पाहून, इशारा देई. पण संख्या तशीच ठेवून पुढे जाई. आज्ञेचे पर्याय वाचून झाल्यावरची दुसरी तपासणी तीच संख्या पाहून ती आज्ञेतूनच आली, असे गृहीत धरी. संख्या किती, हे त्या तपासणीला ठाऊक होते. ती कोठून आली, हे ठाऊक नव्हते.

मजकुराची बांधणी बिनचूक होते, मग एका जादा ओळीने काय बिघडले, असे कोणी म्हणेल. मला हा युक्तिवाद मान्य नाही. खोट्या इशाऱ्यावर विश्वास ठेवणारा मनुष्य आपल्या साऱ्या स्क्रिप्टांतून ‘--थ्रेड्स’ शोधत बसेल, आणि तो कोठेच न सापडल्यावर पुढील खरा इशाराही वाचावयाचे सोडून देईल.

दुरुस्ती एका ओळीची आहे. विन्यासाविषयी इशारा दिल्यावर चलात शून्य भरावयाचे. थ्रेडांवाचून बांधलेल्या गिटमध्ये शून्याची मोजणी अंती एकावर येते, त्यामुळे दुसरी तपासणी गप्प राहते. वापरणाऱ्याने ‘--थ्रेड्स’ही लिहिले असेल, तर चल पुन्हा भरते आणि दुसरा इशारा येतो; तो मात्र खरा असतो.

या ओळीहूनही तिची पूर्वतयारी मला अधिक मोलाची वाटते. आधीच्या स्वतंत्र बदलात या वर्तनाची चाचणी दोषासकट, आहे तशी नोंदवली होती. दुरुस्तीबरोबर चाचणीतील अपेक्षा बदलली. आता केवळ पर्याय दिल्यास एक इशारा, केवळ विन्यास असल्यास एक आणि दोन्ही असल्यास दोन, अशी मोजदादच चाचणी करते. परीक्षण करणाऱ्यास पूर्वीचे आणि नंतरचे वर्तन शेजारी-शेजारी ठेवून पाहता येते. ही चाचणी थ्रेड नसलेल्या बांधणीतच चालते. अशी बांधणी विरळा करणारे असल्यामुळेच दोष इतका काळ लपून राहिला असावा.

तथापि दुरुस्ती पूर्ण आहे, असे म्हणवत नाही. संख्येचा उगम आजही कोठे नोंदलेला नाही. शून्याला ‘विसरून जा’ हा जादा अर्थ दिला, इतकेच. परिणामी, थ्रेडांवाचून बांधलेल्या गिटमध्ये विन्यासात ‘पॅक.थ्रेड्स’ शून्य लिहिल्यास इशारा येतो, कारण तेथील तुलना केवळ एकाशी आहे. ‘--थ्रेड्स’ शून्य दिल्यास मात्र तपासणीपूर्वीच त्याचे एक होते आणि इशारा येत नाही. मागणी एकच, उत्तरे दोन. त्यातही गंमत अशी की, सूचना ‘दुर्लक्षित केली’ असे सांगून गिट चलात पुन्हा शून्यच भरते, म्हणजे वापरणाऱ्याने सांगितले तेच करते!

हे अज्ञानाने घडले, असेही नाही. याच बदलमालिकेत ‘ग्रेप’ या शोधाच्या आज्ञेलाही असा इशारा देण्यात आला. तोपर्यंत ती सांगितलेली संख्या मुकाट्याने टाकून देत असे, आणि तेही एक प्रकारचे असत्यच. तेथे मात्र शून्य आणि एक या दोहोंना सूट आहे. २०१८ साली थ्रेडविषयक अटी साध्या ‘जर’मध्ये लिहिल्या गेल्या, आणि त्यामुळे कोणत्याही बांधणीत कंपायलर तो भाग वाचू लागला. सुधारणा चांगलीच, परंतु पॅक-ऑब्जेक्ट्समधील एकाशी असलेली तुलना तीतूनही जशीच्या तशी वाचली. ऋण संख्या तेथे आधीच नाकारली जाते. तेव्हा ‘एक नसेल तर’ याऐवजी ‘एकाहून अधिक असेल तर’ एवढेच लिहिले, तरी शून्यावरचा हा इशारा नाहीसा होईल.