नव्व्याण्णव टक्के यशाचं काय करायचं?

आज एका शोधनिबंधाची उलटतपासणी करू या. १९९८ साली अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी शीर्षकातच प्रश्न विचारला: काही देशांतून फक्त यशस्वी निकालच येतात का? मेडलाइनवरच्या क्लिनिकल ट्रायलचे गोषवारे त्यांनी देशवार मोजले. ॲक्युपंक्चरमध्ये चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवान इथली एकूण एक चाचणी यशस्वी! बरं, ॲक्युपंक्चर सोडून बाकीचे उपचार घेतले तर? चीन ९९ टक्के, रशिया-सोव्हिएत संघ ९७, तैवान ९५, जपान ८९. आणि इंग्लंड ७५.

हा प्रश्न विचारायला धाडस लागतं, आणि तो विचारायलाच हवा होता. माझा आक्षेप आहे तो निष्कर्षावर. आढावा घेणाऱ्यांनी ‘या देशांची’ माहिती जपून हाताळावी, असं ते सांगतात. म्हणजे इंग्लंडचे ७५ आपोआप मोजपट्टी झाले. अहो, पण कुठला उपचार सरस हे माहीत नसतं म्हणून तर चाचणी घ्यायची ना? मग चारातल्या तीन वेळा नवाच कसा जिंकतो? यावर निबंध फारसा थांबत नाही.

आता अमेरिकेत चला. २००८ साली एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या औषधांच्या, एफडीएकडे नोंद असलेल्या ७४ चाचण्या तपासल्या. एफडीएच्या मते यशस्वी होत्या ३८. त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच नाहीत, ११ यशस्वी वाटाव्यात अशा छापल्या, आणि फक्त ३ जशा होत्या तशा. परिणाम काय? छापील चाचण्या वाचणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के यश दिसलं. तैवानच्या शेजारीच की! फरक एवढाच, की इथे पडताळायला एफडीएचं दफ्तर होतं.

चीनमध्ये काहीच गडबड नाही, असं मी म्हणत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिनी संशोधकांनीच २२३५ चाचण्यांच्या लेखकांना फोन केले. रुग्णांची वाटणी खरोखर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, केलेल्या चाचण्या निघाल्या २०७. पुष्कळांना ही पद्धतच नीट समजलेली नव्हती. म्हणजे बघा, एकीकडे पद्धतीचं अज्ञान, दुसरीकडे निकाल लपवणं. दुखणी दोन, औषधं वेगळी. देशाचं लेबल लावलं की दोन्ही निदानं हुकतात. शिवाय तिकडच्या ज्या रुग्णांनी चांगल्या चाचणीत स्वतःचं शरीर दिलं, त्यांचंही योगदान आपण फेकून देतो.

उपाय फार गूढ नाही. पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणी जाहीर नोंदवा. भारतात अशी नोंदवही, सीटीआरआय, २००७ पासून आहे आणि २००९ मध्ये औषध महानियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली. ती कुणालाही इंटरनेटवर उघडता येते.

तेव्हा ‘चाचणीत सिद्ध झालंय’ असं कुणी म्हणालं, तर ‘कुठल्या देशात?’ एवढ्यावर थांबू नका. आधी नोंदवली होती का? तेव्हा काय मोजणार म्हणाले होते? आणि छापताना काय मोजलेलं दाखवलं? औषध शेवटी आपल्याच घरातलं कुणीतरी घेणार असतं.