तिरप्या अक्षराचा वेग : मावळातील शर्यतफलकांचे मुद्राक्षर

मावळात बैलगाडा शर्यतींच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या फलकांवर अनेकदा एकाच वळणाचे अक्षर आढळते : जाड, कोनदार आणि उजवीकडे झुकलेले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबविलेल्या या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदा वैध ठरविला. शर्यतीची मुद्रा ठरलेले हे अक्षर देवनागरीच्या प्रकृतीस कितपत मानवते, हा प्रश्न विचारार्ह आहे.

तिरपेपणातून वेग सुचविण्याचा संकेत देवनागरीच्या घरचा नव्हे. व्हेनिसमध्ये आल्डस मनुशिअसने १५०१ मध्ये ग्रंथमुद्रणात योजिलेले तिरपे रोमन अक्षर हस्तलेखनाच्या वळणावरून घडले होते; वेगाची खूण हा त्याला पुढे जडलेला अर्थ होय. मराठीत त्वरेची लिपी होती ती मोडी. परंतु तिचा वेग लिहिणाऱ्याच्या हातात होता. तो वाचकाला दाखविण्याचे तिला प्रयोजन नव्हते.

फलकाचे अक्षर पुष्कळदा उभ्या मुद्राक्षराला संगणकावर कलते करून मिळविले जाते. इंडियन टाइप फाउंड्रीचे २०१४ मधील ‘टेको’ हे अशा कामास सोयीचे, चौकोनी घडणीचे, मुळात उभे मुद्राक्षर आहे. अक्षर असे ढकलले असता शिरोरेखा आडवीच राहते आणि दंड तेवढे कलतात. बोरूच्या लेखनात डावीकडून उजवीकडे वर चढणारी रेघ जाड असते. यांत्रिक कलाने नेमकी तीच रेघ लांबते व बारीक होते. शिरोरेखेवरची चिन्हेही उजवीकडे सरकतात. त्यामुळे ‘शर्यत’ या शब्दातील रफार ‘य’ सोडून ‘त’वर झुकल्यासारखा दिसतो.

याहून गंभीर हानी अक्षरभेदाची आहे. जाडीमुळे ‘ब’च्या पोटातील रेघ बुजली, तर ‘बैलगाडा’ हा ‘वैलगाडा’ होऊ पाहतो. कोनदारपणासाठी ‘ध’ची गाठ छाटली, तर ‘घ’ आणि ‘ध’ यांतील भेद शिरोरेखेच्या लहानशा खंडावर येऊन ठेपतो. मावळात ‘घाट’ हा शब्द लोणावळ्याजवळच्या बोरघाटाला लागतो, तसाच शर्यतीच्या धावपट्टीलाही लागतो. तोच शब्द संदिग्ध होणे ही केवळ शोभेची उणीव मानता येणार नाही. धावत्या वाहनातून फलक वाचणाऱ्याला दुसऱ्यांदा पाहण्याची सवड नसते.

म्हणून हे वळण सर्वथा त्याज्य ठरते, असे नव्हे. जाडी आणि कोन यांनी शर्यतीचा जोम खरोखर व्यक्त होतो. मात्र झुकाव अल्प ठेवावा, प्रत्येक अक्षर त्या झुकावासाठी नव्याने रेखावे, ‘ध’ची गाठ व ‘ब’चे पोट मोकळे राखावे, आणि रफार त्याच्या अक्षरावर पुन्हा बसवावा. वेगाचे चित्र काढताना शब्द मागे पडू नये, ही मुद्राक्षराची पहिली मर्यादा होय.